पिशव्यांपाशी

रविवार, संध्याकाळ. कोडोली.

नाशिकचे व्याही आणि विहीणबाई देवदर्शनाला आलेत. सकाळी जोतिबा झाला. सगळे आत गेले, मी बाहेर चपला आणि पिशव्या सांभाळत बसले. मग पन्हाळा. गाडीतून उतरून मी पदर खोचला, तर सागर, माझाच लेक, म्हणतो, "आई, तुझं सगळं बघून झालंय की. तू बस पिशव्यांपाशी."

बघून झालंय? लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून गड रोज दिसतोय. रानात तण भांगलताना मान वर केली की समोर. पण वर कोणी नेलं? सागरचे वडील शेवटपर्यंत म्हणत राहिले, "जाऊ की, गड कुठं पळून जातोय?" आणि आज गडावर पोचून मी पिशव्यांपाशी! आग लागो त्या पिशव्यांना.

पण मला तोंड नव्हतं का? पाहुण्यांसमोर लेकाचा पाणउतारा नको म्हणून गप्प बसले. का सवयीनंच?

परतताना विहीणबाई म्हणाल्या, "गडावरच्या त्या धान्याच्या कोठारात केवढं गार वाटतं हो!"

मी म्हटलं, "व्हय की, भर उन्हाळ्यातबी गारच असतंय."