ग्रहणाच्या आठवड्यातली विळी

१८ ऑक्टोबर १९९५

— ओट्याखाली नाही. फडताळामागेही नाही. विळी जाईल कुठे? भोपळा तसाच राहिला. गवार हातानं मोडून भाजी केली.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. विचारलं. "मला काय ठावं? काल हुती की." वर न बघता.

मला सहावा महिना. मंगळवारी सूर्यग्रहण. काल शेजारच्या धोंडुबाई सासूबाईंच्या कानाशी लागल्या होत्या. मी जाताच दोघी गप्प.

२० ऑक्टोबर

आता कात्री. डब्यातल्या सुयाही.

धोंडुबाई पायरीवरून ऐकवून गेल्या, "पोटुशीनं ग्रहणात काय चिरलं, की पोराचा ओठ फाटतोय."

"आमच्यात न्हाय असलं. छप्पन साली दीक्षा घेतली तवाच सोडलंय," सासूबाई म्हणाल्या. फार मोठ्यानं. मला ऐकू यावं म्हणूनच.

२२ ऑक्टोबर

नवरा प्रसेनजीत विज्ञानाचा शिक्षक. शाळेच्या मैदानावर लोकांना ग्रहण दाखवणार. प्रसेनजीतनं पत्रकातच छापलंय — गरोदर स्त्री ग्रहण चालू असताना पेरू चिरून खाईल. ती स्त्री मी.

आज माझ्यासमोर भाषणाची तालीम. "चंद्र मधे येतो, त्याची सावली आपल्यावर पडते. एवढंच. पोटातल्या बाळाला काही होत नाही. डोळ्यांना होतं. एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच — काही चालत नाही. पुठ्ठ्याला बारीक भोक पाडा, सूर्याकडे पाठ करा, ऊन कागदावर घ्या."

सुई सापडली तर भोक मी पाडते, म्हटलं.

"नको. शाळेत पाडतो."

मग त्याला विळीचं सांगितलं, सासूबाईंवरचा संशयही. ऐकून घेतलं. आईची बाजू घेतली नाही. बरं वाटलं.

गेल्या वर्षी पाचव्या महिन्यात पोटातलं गेलं. त्यावर या घरात कुणी बोलत नाही. सासूबाई मनात मलाच दोष देत असणार.

२३ ऑक्टोबर

पेरू आणि आजच विकत आणलेली सुरी पिशवीत ठेवली. सासूबाई बघत होत्या.

२४ ऑक्टोबर

दिवाळी सोडून बरीच माणसं आली. कागदावर सूर्य पडला — कडेनं कुरतडलेल्या भाकरीसारखा. लिंबाखाली मातीत तशाच उजेडाच्या कितीतरी कोरी. पानांमधल्या फटींचंही तेच काम. ऊन फिकं होत गेलं. थोडा वेळ सगळं विसरले.

माझी वेळ आली. पिशवीत पेरू होता. सुरी नव्हती.

प्रसेनजीतनं चटकन केळं सोलून हातात दिलं. खाल्लं. टाळ्या.

"चिरायचं ऱ्हायलं की, मास्तर!" मागून कुणीतरी. लोक हसले. तो हसला नाही.

घरी येऊन मी सासूबाईंना सरळ म्हणाले — तुम्ही सोडलं म्हणता, ते मनातून गेलेलं नाही. सगळं तुम्हीच लपवलंत.

"मी? मला म्हणतीस हे?" मग म्हणाल्या, "सकाळी शिरोळला जाते. लेकीकडं."

प्रसेनजीत पुठ्ठ्याची घडी घालत होता. घालतच राहिला.

२५ ऑक्टोबर

सकाळी उठले तेव्हा सासूबाई गाठोडं घेऊन पायरीवर बसल्या होत्या. स्वयंपाकघरात प्रसेनजीत ओट्याखाली विळी सरकवत होता. कात्री, सुया, सुरी ओट्यावर. "गेल्या वर्षीसारखं पुन्हा नको होतं," म्हणाला. मी पायरीवर गेले. गाठोडं उचलून आत आणलं. सासूबाई तिथंच बसून राहिल्या.