विज्ञानशेडची किल्ली

मी, ईरम्मा मल्लेश कोडमूर, वय त्र्याहत्तर, अविवाहित, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार पूर्व भाग, सोलापूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि दडपणाशिवाय लिहून ठेवते. दडपण आणून पाहिले गेले. आणणारे घरातलेही आहेत आणि बाहेरचेही. त्याचा उपयोग झाला नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण ज्यांना माझी शेड मिळणार नाही ते म्हातारीला भ्रम झाला होता असे म्हणणार, हे मी आजच जाणून आहे.

१. राहते घर, त्यातील भांडीकुंडी आणि गच्चीवरची टाकी माझा पुतण्या अंबादास याला द्यावी. तो माझ्या आजारपणात धावून आला, हे मी विसरलेले नाही. मात्र घरामागच्या शेडवर त्याचा कसलाही हक्क राहणार नाही. मी ज्या शिक्षण संस्थेत आयुष्यभर शिकवले तिथेच तो कारकून आहे, आणि शेड संस्थेला द्यावी असा अध्यक्षांचा निरोप घेऊन तो माझ्याकडे किती वेळा आला हे त्यालाच विचारावे. "आत्या, एसी बसतोय, मोठा टीव्ही लागतोय, तुझं नाव देतो म्हणत्यात. तुला खुपतंय काय?" असे तो म्हणाला. काय खुपते ते पुढे लिहिले आहे. त्याने ते नीट वाचावे.

२. शेड माझ्या वडिलांच्या यंत्रमागांची; आता तिथे शाळांची मुले प्रयोग करायला येतात. माग विकले गेले, एक राहिला; तो जकार्डचा, अजून चालतो. चादरीवरचे फूल कार्डावरच्या भोकांनी ठरते. मुले चुकीच्या जागी भोक पाडतात, फूल बिघडते, आणि यंत्राला हुकूम देणे म्हणजे काय ते त्यांना तिथेच कळते. बाकी सायकलची चाके, भिंगे, पाण्याच्या नळ्या, फिरती खुर्ची आणि अंगणातला उभा लोखंडी पाइप. यातली एकही वस्तू कपाटात जाणार नाही. दर महिन्याला काहीतरी मोडते. मोडू दे. वडिलांची पान्या-पकडींची पेटी त्यासाठीच शेडमध्ये उघडी ठेवावी.

३. संस्थेला यातले काहीही देऊ नये. त्यांना काचेची कपाटे करायची आहेत, बटण दाबले की आवाज येणार आणि माहिती सांगणार. मग शिक्षक कशाला? तो मुलांना दारात सोडतो आणि समोरच्या टपरीवर चहा पितो. मी हे डोळ्यांनी पाहिले आणि नियम केला: ज्या शिक्षकाने आधीच्या शनिवारी शेडमध्ये येऊन स्वतःच्या हाताने प्रयोग केले नाहीत, त्याच्या वर्गाला प्रवेश नाही. यावर मी शिक्षकांचा अपमान करते अशी तक्रार अध्यक्षांनी वरपर्यंत नेली. मला बोलावून ते म्हणाले, "मॅडम, म्युझियम मुलांसाठी असतं." मी म्हणाले, मूल इथे दोन तास असते आणि शिक्षकाजवळ वर्षभर; दोन तासांनी काही होणार असेल तर ते शिक्षकाच्या हातून होईल. ते हसले. ते हसणे मी अजून माफ केलेले नाही आणि इथून पुढे करायला मला सवडही नाही.

४. बँकेतील ठेवीचे व्याज दुरुस्तीला आणि शनिवारी येणाऱ्या शिक्षकांच्या एसटी भाड्याला वापरावे. बार्शीहून, वेळापूरहून पदरमोड करून येणाऱ्या बाईंना चहाही द्यावा, पण आत, काम करता करता. हार, शाल, नारळ यांवर यातला पैसा खर्च करू नये.

५. शेडची किल्ली आणि कारभार पीरसाब मुजावर यांच्याकडे द्यावा. ते याच संस्थेच्या कुंभारीच्या शाळेत शिकवतात. माझे त्यांचे नाते नाही, आणि सुरुवातीला मला ते आवडतही नव्हते, फार बोलतात. कारण सांगते. मे महिन्यात आपल्या गावावर सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या पाइपची सावली नाहीशी होते. शाळांना तेव्हा सुट्टी. मी सगळ्या मुख्याध्यापकांना कळवले. भर उन्हात मुले घेऊन फक्त पीरसाब आले. घड्याळात बारा वाजले तरी सावली होतीच. ते मुलांना म्हणाले, "पाइपच वाकडा हाय की." मी मुलांना सावलीवरून नजर काढू नका म्हटले. वीसेक मिनिटे गेली. मुले ओरडली, "सर, सावली गेली!"

पीरसाब पाइपाभोवती फिरले, ओळंबा लावून पाहिला, आणि मुलांसमोर म्हणाले, "पोरांनो, माझं चुकलं. पाइप सरळ हाय. रोज बाराला सूर्य डोक्यावर असतो असं मी शिकवत आलो, ते बी चुकलं. का, ते मला आत्ता न्हाय माहीत." माझ्या सबंध नोकरीत वर्गासमोर असे बोलणारा शिक्षक मला भेटला नव्हता. पुढच्या शनिवारी ते नकाशा घेऊन आले: देशाचे घड्याळ दूर पूर्वेच्या सूर्यावर लावलेले, आपण पश्चिमेला, म्हणून आपली दुपार उशिरा; आणि सूर्य नेमका डोक्यावर वर्षातून दोनदाच. हे त्यांनी मला सांगण्याआधी मुलांना समजावून सांगितले होते.

किल्ली घ्याल का असे त्यांना विचारले तेव्हा म्हणाले, "मला नको मॅडम, अध्यक्ष माझी बदली करवतील." करवू देत. बदली झाली तरी शनिवार त्यांचाच आहे.

६. किल्लीला अट एकच. ती ज्याच्याकडे असेल त्याने शाळा सुरू झाल्यावर पहिल्या शनिवारी, जमलेल्या मुलांसमोर आणि शिक्षकांसमोर उभे राहून, गेल्या वर्षी आपण काय चुकीचे शिकवले ते सांगायचे. ज्या वर्षी एकही चूक सापडणार नाही त्या वर्षी किल्ली दुसऱ्याला द्यायची, कारण त्या माणसाने बघणे सोडलेले असेल. पीरसाबनंतर कोणीही किल्ली मागावी. अध्यक्षांनीही मागावी, माझी हरकत नाही. त्यांनी फक्त पोरांसमोर उभे राहून स्वतःची एक चूक सांगावी. आजवर मी ती ऐकलेली नाही. माझ्यामागे ऐकू आली, तर शेड खुशाल त्यांची.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचून पाहिला, आणि त्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

सही: ईरम्मा मल्लेश कोडमूर

साक्षीदार, आमच्या समक्ष सही केली:
१. डॉ. आरजू बागवान, उपचार करणाऱ्या डॉक्टर
२. तानाबाई हाके, शेजारी

स्थळ: सोलापूर
दिनांक: ९ मे २०२५