दाजींना आडवं करण्याबाबत

केडगाव, अहिल्यानगर
(म्हणजे नगरच. टपाल चुकू नये म्हणून भारतीने पाकिटावर दोन्ही नावं घातली आहेत.)
सोमवार, दुपारची वेळ

चिरंजीव भाऊ कचरू यास,

आक्काचा जय भीम आणि पोटभर आशीर्वाद. (सत्तरीच्या माणसाला चिरंजीव म्हणतात का, असं भारती विचारते. धाकटा भाऊ मरेपर्यंत चिरंजीवच असतो, लिही म्हटलं.) इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे माझा उजवा गुडघा सोडून सगळं. तुझी साखर कितीवर आहे? पंकजाच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? झालं असेल तर तिला आता तू स्पष्ट दिसायला लागला असशील, त्याचा तिला काही त्रास होतो का, तेही कळव.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. कारण फोनवर मी कामाचं काही सांगायला लागले की तुझ्या मोबाईलची रेंज जाते. ('आक्का, आवाज येत न्हाई' हे तू म्हणतोस ते मात्र मला स्वच्छ ऐकू येतं.) पत्राला रेंज लागत नाही. मी सांगते आणि भारती लिहिते. सून असल्यामुळे ती मला सुधारतेही. मी 'हाय' म्हटलं की 'आहे' लिहिते, 'लई' म्हटलं की 'खूप' लिहिते. तेव्हा या पत्रात मी चार इयत्ता शिकल्यासारखी वाटले तर घाबरू नकोस. मी तीच आहे.

तर झालं असं. भारती नागापूरला एका कंपनीच्या ऑफिसात साफसफाईला जाते. पाहुण्यांच्या टेबलावरची जुनी मासिकं ती घरी आणते, आणि मी ती मांडणीवर अंथरते. कागद असा गुळगुळीत की झुरळाचा पाय ठरत नाही. मागच्या महिन्यात डाळीच्या डब्याखाली असंच एक पान सारत होते आणि हात थांबला. पानावर तुझे दाजी होते. जाऊन सत्तावीस वर्षं झालेला माणूस डाळीच्या डब्याखाली सापडला तर काय करावं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी डबा उचलला आणि खालीच बसले. भारतीने पान वाचून दाखवलं. परदेशातल्या एका घड्याळाची जाहिरात होती. वर चित्र, खाली घड्याळ आणि मध्ये एकच ओळ, 'शिखराला घाई नसते.' किंमतही होती. ती भारतीला मी दुसऱ्यांदा वाचायला लावली, तिसऱ्यांदा नको म्हणाले.

चित्र कोणतं ते तुला माहीत आहे, पण तू सोयीने विसरतोस म्हणून पुन्हा सांगते. तेव्हा आमच्या शेजारच्या खोलीत नृसिंह मास्तर भाड्याने राहायचे. शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. भिक्षुकाच्या घरातला मुलगा रंगात हात घालून बसला म्हणून त्यांच्या घरच्यांना तो वाया गेलेला वाटायचा. आम्हालाही तसंच वाटायचं, पण आम्ही चहा देऊन वाटून घ्यायचो. त्याच सुमारास दाजींनी कंपनीतून मशीनच्या खोक्याची एक लांबलचक प्लायवुडची फळी आणली होती, मोरीला दार करायचं म्हणून. एका रविवारी सकाळी ते थर्ड शिफ्ट करून आले आणि तोंडही न धुता ओट्यावर आडवे झाले. वाकळ डोक्यावरून घेतलेली, पाय तेवढे बाहेर. मास्तर म्हणाले, वहिनी, फळी आजच्या दिवस द्या. संध्याकाळी परत दिली तर फळीवर दाजी. तोंड नाही, हात नाही. नुसती वाकळ, माझ्या जुन्या लुगड्यांची, आणि टोकाला दोन पाय. डाव्या पायाची करंगळी पत्रा पडून चपटी झाली होती, तीसुद्धा सोडली नव्हती. मी म्हटलं, मास्तर, तोंड राहिलं की. ते म्हणाले, तोंड झोपलंय, वहिनी. रंग वाळला का बघायला मी पायांपाशी अंगठा टेकवला तर तो उमटला. मी घाबरले. मास्तर हसले, ही तुमची सही झाली म्हणाले, आणि तिच्या शेजारी त्यांनी आपली सही केली. माझ्या अंगठ्याला शेजारी म्हणून कुणाची सही मिळाली ती तेवढीच. एरवी तलाठ्याचा शिक्का मिळतो.

मग फळीचं दार झालं. दार आडवं लावत नाहीत. म्हणजे झोपलेला माणूस उभा झाला, आणि तो उभा मी केला, हे आधीच कबूल करते. 'शिफ्ट करून जरा पडलो तर उठवून मोरीवर राखणीला उभं केलं,' असं ते स्वतःच म्हणायचे आणि हसायचे. चौदा वर्षं त्या दाराआड घरातली सगळी माणसं अंघोळ करत होती. नंतर मोरीला पत्र्याचं दार आलं, फळी मागच्या भिंतीला टेकली, आणि त्याच वर्षी तेही गेले. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे हात जोडून बसलेले असताना तू माझ्याजवळ सरकलास. मला वाटलं धीर द्यायला. तू म्हणालास, आक्का, ती फळी नेऊ का, सायकलच्या दुकानाला आडोसा होईल. मी हो म्हणाले. (रडणाऱ्या बाईकडून काय काय हो म्हणवून घेता येतं, हे तुला लहानपणापासून कळतं.) तुझं दुकान बुटकं, फळी उंच. मग तू करवत घेतलीस आणि खालची हातभर फळी उडवलीस. पुढे तुमच्या संगमनेरचे एक डॉक्टरसाहेब गाडीचं पंक्चर काढायला आले, आडोशाकडे बघतच राहिले, आणि तू त्यांच्याकडून जुना टेबलफॅन घेऊन त्यांना दाजी दिलेस. तो पंखा तरी चालतो का अजून?

हे सगळं आता का निघालं ते ऐक. भारतीने त्या पानाचा फोटो मोबाईलच्या स्टेटसला ठेवला, 'आमचे सासरे जाहिरातीत.' तो कुठून कसा फिरला देव जाणे (हा शब्द भारतीचा, मी 'कोण जाणे' म्हणाले होते), पण आठ दिवसांत मुंबईहून पांढऱ्या गाडीतून सुश्रुत नावाचे एक साहेब दारात. लहानच आहेत, पण कपाळाला आठ्या सासऱ्याच्या. त्यांचं काम असं की चित्र कुणाकडून कुणाकडे गेलं ते शोधून लिहायचं. मी म्हटलं, म्हणजे चित्राचा सातबारा म्हणा की. त्यांना सातबारा माहीत नव्हता आणि मला त्यांची नोकरी कळत नव्हती, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्यांनी विचारलं, आजी, कलेशी तुमचा संबंध कसा आला? मी म्हटलं, जन्मापासून, माझं नावच कलाबाई. तेही त्यांनी वहीत लिहून घेतलं.

त्यांच्या कागदावर सगळे फेरफार नीट होते. संगमनेरचे डॉक्टर, मग त्यांचा पुण्यातला मुलगा, मग मुंबईचं चित्रांचं दुकान, मग परदेशातली एक बाई, मग ही घड्याळवाली कंपनी. फक्त मास्तर आणि डॉक्टर यांच्या मध्ये लांबलचक कोरं होतं. तिथे लिहिलं होतं, 'मालक अज्ञात'. मी भारतीला अर्थ विचारला. मग साहेबांना म्हटलं, ते अज्ञात आम्हीच, चहा घ्या.

चहा थंड होईपर्यंत साहेबांनी मला चित्र समजावून सांगितलं. चित्राचं नाव 'शिखर'. (मास्तर गेल्यावर ते मोठे झाले, हयात असते तर पुन्हा चहालाच आले असते.) निळे-हिरवे तुकडे म्हणजे डोंगरउतारावरची शेतं. मी म्हटलं, निळं माझं लग्नातलं लुगडं, हिरवं सासूबाईंचं. कडेला तीन ठिकाणी भोकं आहेत, त्या म्हणजे चित्रकाराने डोंगराला केलेल्या जखमा. मी म्हटलं, बिजागऱ्या. खाली पांढरं धुकं आहे, त्यावर कुणी तरी अख्खं पुस्तक लिहिलंय. मी म्हटलं, साबण. चौदा वर्षांचे शिंतोडे आहेत, माझ्या पोराला साबण जरा जास्तच लागायचा. साहेबांनी पेन खाली ठेवलं. माणूस चांगला आहे, हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं.

कचरू, मी फार दमले रे. ही माणसं येतात, डोंगराबद्दल विचारतात, चहा करावा लागतो, गुडघा दुखतो. मी साहेबांना एकच मागितलं. पैसे नकोत, चित्र नको, घड्याळ तर नकोच. (तुझ्या दाजींनी जन्मात घड्याळ बांधलं नाही. मशीनमध्ये अडकून हात जातो म्हणून. त्यांना कंपनीचा भोंगा उठवायचा, तोही पुरला नाही तर मी तांब्याभर पाणी मारायची. शिखराला घाई नसते म्हणे! शिखर एक चप्पल हातात घेऊन बसमागे पळायचं.) मी म्हटलं, साहेब, तेवढं त्यांना आडवं करा. तीस वर्षं तो माणूस मशीनपुढे उभा राहिला. कंपनीच्या पासावर एक फोटो आहे तोही उभ्याने काढलेला, पोलिसांनी धरल्यासारखा. झोपलेला असा एकदाच कुणीतरी बघितला, तर तिथे आधी मी उभा केला आणि आता साऱ्या जगाने. साहेबांनी आपले कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, आजी, आजवर सगळ्यांनी ते उभंच पाहिलंय, नुसत्या सांगण्यावर फिरवता येणार नाही, काही पुरावा लागेल. वाकळ आहे का? वाकळीची फडकी होऊन तीही संपली. अंगठा आहे म्हटलं. पण अंगठ्याचंही तुला माहीत आहे. इतकी वर्षं विड्या वळून रेघाच गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन दर महिन्याला म्हणतं, हा अंगठा तुमचा नाही. मशीनला कळत नाही, साहेबांना कळत नाही, मग मी कुणाला दाखवू?

असो. म्हाताऱ्या माणसाने जास्त बोलू नये आणि सुनेचा हात जास्त दुखवू नये. तब्येत सांभाळ, गोड खाऊ नकोस, पंकजाला माझा जय भीम सांग. आमचं काही मागणं नाही.

तुझी आक्का,
कलाबाई
(इथे अंगठा. पुसट आहे, पण माझाच आहे.)

ता. क. मागणं आहे. चार वर्षांपूर्वी तुझ्याकडे आले होते तेव्हा दुकानात माझी चप्पल तुझ्या बसायच्या पाटाखाली सरकली होती. ती काढायला वाकले तर पाटाच्या खालच्या अंगाला चपटी करंगळी दिसली. पँटला रंग लागू नये म्हणून तू चित्राची बाजू खाली ठेवलीस, त्यामुळे पाय वाचले, तुझ्या या एका शहाणपणाबद्दल तुला सगळं माफ. पण सत्तावीस वर्षं तू दाजींच्या पायांवर बसून पंक्चर काढतो आहेस, हे मी अजून पंकजाला सांगितलेलं नाही. पाट पाठव. तुझी गैरसोय नको म्हणून येत्या गुरुवारी आमच्या गल्लीतल्या कारभारीच्या कांद्याच्या टेम्पोतून तुला लाल प्लास्टिकचं स्टूल पाठवते आहे. तो स्टूल देईल, तू पाट दे. 'आवाज येत न्हाई' असं त्याला म्हणू नकोस, तो खरंच बहिरा आहे.

ता. क. दुसरा. पाटावर माझा जुना अंगठा आहे, रेघा होत्या तेव्हाचा, आणि शेजारी मास्तरांची सही. सुश्रुत साहेबांना फोटो काढू देईन, करवतीच्या खुणा जुळवून बघू देईन. पण पाय द्यायचे नाहीत. साहेब तुझ्याकडे आले तर चहा दे, पाट दाखवू नकोस. वरचं शिखर कंपनीने ठेवावं, खालचा माणूस माझ्याकडे राहील. त्यांनी आडवं केलं नाही तरी मी केलंय. मासिकाचं पान माझ्या अंथरुणाशेजारी भिंतीवर, खाली जमिनीलगत, आडवं चिकटवलं आहे. फक्त पायांकडची जागा रिकामी दिसते. कचरू, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या माणसाला काय म्हणतात ते तुला सांगायला नको. पाय बाहेर होते, म्हणून ते झोपलेले होते.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. (भारती म्हणते कागद संपला.) कारभारी टेम्पोत पाट पोत्याला टेकवून उभा करेल. त्याला हाताने खुणावून सांग, आडवा ठेव.