दारातली चुन्याची रेघ

अण्णा, तुमच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. आपल्या लोणी गावात तुमच्यामागे रेशीम कोणी धरलं नाही. आई आता तुमच्या रेशीम-अळ्यांच्या शेडात कांदा ठेवते. मी मात्र पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे आणि दिवसभर रेशमातच असते. कोष उकळून, विरघळवून आम्ही त्याचा छिद्राछिद्रांचा स्पंज करतो आणि त्यात रक्ताच्या मूळ पेशी सोडतो. तशा पेशीतून रक्तातली कुठलीही पेशी होऊ शकते. आम्हाला हवी रोगाशी लढणारी पांढरी पेशी, आजारपणात तुमच्या रक्तातून संपली होती तीच. शरीरात ती छातीच्या हाडामागच्या एका ग्रंथीत घडते. ती जागा आम्ही रेशमाची करायला बघतो, वळण लावणारं एक प्रथिन त्याला चिकटवतो. दोन वर्षं झाली. पेशी कधी मरतात, कधी भलतंच काही होतात. आमच्या प्रमुख मॅडम वैतागतात, त्यांच्याहून मी जास्त.

मग तुमची चंद्रिका आठवते. अळ्या कोष करायला लागल्या की त्यांना चढवायची ती बांबूची चटई. मी शाळेतून येऊन मूठमूठ अळ्या टाकते आणि तुम्ही मागून ओरडता, "आगं, ही कच्ची हाय! उजेडाला धर. आरपार दिसली की मंग उचल. आन् गर्दी नको. दोघींनी मिळून एक कोष केला की धागा सुटत न्हाई. घाई लई तुला!" गेल्या महिन्यात मी स्पंजाची छिद्रं मोठी केली आणि पेशी निम्म्याच सोडल्या. परवा पहिल्यांदा त्यातल्या थोड्या हव्या त्या पांढऱ्या पेशीकडे वळल्या. मॅडमनी विचारलं, "वेगळं काय केलंत?" मी म्हणाले, "गर्दी कमी केली." तुमचं नाव काढलं नाही. आणि वळल्या म्हणजे तरी काय, बशीत वळल्या. माणसाला देण्यासारखं अजून काहीच नाही.

अळ्यांना रोग लागू नये म्हणून शेडाच्या दारात तुम्ही चुन्याची रेघ मारायचात, तिच्या अलीकडे पाय धुवायला ब्लीचिंग पावडरीचं पाणी. आणे गावाहून आत्याचे यजमान आले तर त्यांनाही अडवलंत. "आवो, जावई हाय मी घरचा!" "जावई आसा न्हाईतर मामलेदार. पाय बुडवा, न्हाईतर भायेर च्या प्या, पावणं." इतकं कळत होतं तुम्हाला! आणि दवाखान्यात डॉक्टर हात जोडून सांगत होते, पेशी भरून येईपर्यंत काचेच्या खोलीतून बाहेर पडू नका, तेव्हा तुम्ही काय म्हणालात? "अळ्या पिकल्यात. तुझ्या आईला एकटीला चढवायला जमायचं न्हाई." आणि घरी गेलात. दोन दिवस शेडात त्या धुळीत, अळ्यांच्या विष्ठेत उभे राहिलात. तिसऱ्या दिवशी ताप, आणि आठवड्यात सगळं संपलं. तो कोष मात्र उत्तम निघाला, आई अजून सांगते.

हे आईला वाचून दाखवावं म्हणून लिहायला घेतलं होतं. आता तिलाही दाखवणार नाही. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की अण्णांनी हट्ट केला, कोणाचं ऐकलं नाही. घरी जायचं तुम्ही एकदाच म्हणाला होतात. मी "थांबा" म्हटलं नाही. महिनाभर दवाखान्याच्या त्या व्हरांड्यात बसून मी कंटाळले होते. पेठच्या जीपवाल्याला फोन मीच केला, तुम्ही पायात चप्पल घालायच्या आत.