विहीणबाईंना तुझा निरोप

प्रिय सुमन,

काल रविवारी सकाळी साडेदहाला, म्हणजे सोलच्या दुपारी दोनला, तुझा निरोप फोनवर पोचवला. तू गेल्याला सव्वा वर्ष होऊन गेलं. एवढा उशीर! म्हणून आज लिहायला बसलोय.

आपली केतकी रुसली की जेवत नाही. आग्रह करू नका, ताट झाकून जवळ ठेवा. तिच्या कोरियन सासूबाईंना एवढंच सांगायचं होतं ना? "तिला मधे घालू नका, चिडेल. तुम्हीच सांगा," असं बजावून निघून गेलीस. मी कोरियन शिकेपर्यंत थांबायचं तरी!

शिकलो, माझा मी. तीन वह्या भरल्या, एक खाडाखोड नाही. पण तोंड उघडेना. चुकलं तर?

शेवटी आपल्या काशीच्या शिंदे घाटावरच्या मंडळींत गेलो. नावाडी, साडीवाले, सगळे कोरियन पाहुण्यांशी बोलून बोलून शिकलेले. दर मंगळवारी सकाळी एका नावेत बसून सराव करतात. नियम एकच: जो हिंदीत बोलेल त्याने वल्ही मारायची. तीन मंगळवार मी तोंड मिटून ऐटीत बसलो. चौथ्या मंगळवारी राजू नावाड्याने वल्ही माझ्यापुढे सरकवली.

"हम हिंदी कब बोले?" मी उसळलो.

"चुप बैठे हैं न चचा, ऊ भी हिंदीए है! और अब तो बोल भी दिए!"

हसलीस ना? सगळी नाव हसली. पंचगंगा घाटापर्यंत मीच वल्हवलं, तळहाताला फोड आले. पण धाप लागल्यावर व्याकरण कोण तपासतो, सुमन? पाणी मागितलं ते कोरियनमध्येच! मग दर मंगळवारी चुकलो, त्यांनी सुधारलं, पुन्हा चुकलो.

काल दोनदा अडलो, एक क्रियापद चुकलंच. विहीणबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, "ठाऊक आहे. पहिल्याच महिन्यात कळलं. मी ताट झाकूनच ठेवते."

मी इथे झुरत होतो आणि तिकडे लेकीचं ताट झाकलेलं होतं! केवढं हलकं वाटलं म्हणून सांगू!

मग त्यांनी विचारलं, "त्या कशा होत्या?" तीन वह्यांत तुझ्याबद्दल एक वाक्य नव्हतं गं. "लवकर उठायची," एवढंच म्हणालो.

दर रविवारी त्यांना तुझी एक तरी गोष्ट सांगेन. आधी लिहून न काढता.

तुझाच,
वसंत