शालनचे चिंचोके

गुरुवार, संध्याकाळ

आज चारा छावणीवर जायला पाय उचलत नव्हता. शालनचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं, आणि आज ती परत छावणीत आलेली. दुष्काळात तिचं घर तिथंच, बैलांच्या दावणीशेजारी.

दहा चिंचोके मीच दिले होते तिला. जेवून आडवं पडायचं, बाळ हललं की एक चिंचोका बाजूला सारायचा, दोन तासांत दहा झाले नाहीत तर लगेच सांगायचं. तिनं सांगितलं की! "बाई, कालपासून चारच सरकलेत."

आणि मी काय म्हणाले? "आठव्यात लेकरू गपच असतं." हे माझ्या आईचं बोलणं. नर्स झालेल्या माझ्या तोंडी आलं कसं? बाळाचे ठोके ऐकायला पोटाला नळीसुद्धा लावली नाही. मला परत न्यायला जीप थांबली होती, एवढंच. तिला त्याच जीपमधून बीडला न्यायला हवं होतं.

डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलेलं, वारेतून बाळाला रक्त कमी पोचलं असणार. लवकर कळलं असतं तर कदाचित. कळलं होतं. मला.

आज तिनंच विचारलं, "बाई, म्या घागर उचलली म्हून झालं का?"

"न्हाई गं. तुझं काईच चुकलं न्हाई."

'चुकलं ते माझं' हे पुढचं वाक्य मी तिला सांगितलं नाही. इथं खोलीत ते ऐकायला कुणी नाही.

निघताना तिनं पदराच्या गाठी सोडल्या. "घ्या, दुसरीला लागतील." एका गाठीत चार, दुसरीत सहा. तिनं ते अजून मिसळले नव्हते.

मीही मिसळलेले नाहीत.