जेवणाआधीचे आभार

पुणे

सौ. झुंबरबाईस रामराम,

माझी तब्येत बिलकुल बराबर हाय. छातीचे रिपोर्ट चांगले आले म्हणून कल्याणनं सांगितलं. कागद मात्र त्यानंच कपाटात ठेवलेत. फोनवर बोलावं तर सून बाजूलाच असती, म्हणून लिहून राह्यलो. पत्र एकटीनंच वाच.

इथं समदे लई गोड वागून राह्यलेत. आपला कल्याण, ज्याला भाकर भाजोस्तर दम निघत नव्हता, तो आता सकाळी वीस मिनिटं डोळे मिटून गप बसतो. मनाला शांती भेटती म्हणे. मला वाटलं याची नोकरी गेली. पण डबा घेऊन जातो टायमावर.

संध्याकाळी ताटावर बसलं की प्रत्येकानं कुणाचे तरी आभार मानायचे. सून भाजीवालीचे मानती. परवा दोघांनी माझेच मानले. तवापासून घास उतरत न्हाई. आपल्याकडं आभार कार्यक्रम संपल्यावर मानतेत, मंग लोक चपला शोधायला लागतेत. त्या रिपोर्टाचं तुला काही कळवलंय का? खरं सांग. उत्तर माझ्या नावानं टाक, कल्याणच्या न्हाई.

तुझा गुडघा कसाय? म्हैस दूध देऊन राह्यली का?

काल पहिल्यांदा मलाबी आभार मानायला लावलं. तुझं नाव व्हटावर आल्तं. पण मी रोज येणाऱ्या नळाचे आभार मानले आन् जेवलो. तुझे एवढ्यात मानणार न्हाई.

वडीगोद्रीच्या वाटेकडं डोळे लावलेला,
मच्छिंद्र